श्रीफळ सोडून सगळी फळं

मी आदोळी बोलतेय. पुण्यामुंबईकडचे लोक मला विळी म्हणतील, पण तिकडच्या कित्येक विळ्यांना नुसतं पातं असतं. मला पातं आहे आणि पात्याच्या टोकावर दातेरी फूल आहे, नारळ खवायचं. भाजी चिरणं, मासळी कापणं ही माझी नोकरी. नारळ खवणं हा माझा स्वभाव. हे आधीच सांगून ठेवते, कारण माझी सगळी तक्रार तिथूनच सुरू होते.

माझा जन्म आमोण्याचा. कमलाक्षीबायच्या परसातला एक जुना फणस फळं धरेनासा झाला, तेव्हा तो तोडून त्याच्या फळ्या केल्या. त्यातल्या एका फळीची मी. मेस्ताने, म्हणजे आमच्याकडच्या सुताराने, मला चार दिवस तासलं, घासलं, बसायला जरा खोलगट केलं आणि डिचोलीच्या लोहाराकडून आणलेलं पातं ठोकून बसवलं. कमलाक्षीबायने माझ्यावर बसून एक नारळ खवून पाहिला. "हळू खवता गो. करटेक लागना," ती शेजारणीला म्हणाली आणि करवंटीचा काळा कीस पडत नाही हे बोटाने दाखवलं. मग तिने मला लेकीच्या लग्नाच्या भांड्यांत ठेवून दिलं.

लेकीचं नाव गौरवी. माघात तिचं लग्न झालं आणि आम्ही दोघी एकाच टेम्पोतून पेडण्याला आलो, ती पुढे आणि मी मागे, घागरीला टेकून.

गौरवी मुळातच कमी बोलते. वनस्पतिशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालेली, पण हे विचारलं तरच सांगते, आणि सासरी ते विचारायची कोणाला गरज पडली नव्हती. 'हवं' म्हणायला आमोण्याचं 'जाय' सोडून इकडचं 'होया' वापरायला ती पंधरा दिवसांत शिकली. बोलणं मात्र वाढलं नाही. ती बघते. जमिनीलगत बसून काम करणाऱ्या बाईला घरातलं जेवढं दिसतं, तेवढं खुर्चीत बसणाऱ्यांना दिसत नाही. मला तर त्याहून जास्त दिसतं, कारण मी तिच्याही खाली असते.

घरात माणसं चार. सासरे कृष्णनाथ, सरकारी कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले. सासू सुशीला. नवरा देवेश, तुयेच्या कारखान्यात पाळीने कामाला जाणारा. आणि गौरवी. मागच्या खोलीत भाड्याने राहणारी सिंधू कोल्हापूरकडची. तिचा नवराही तुयेलाच कामाला.

पहिला महिना माझा बरा गेला. सकाळी पोदेराच्या सायकलचा भोंगा वाजला की घर उठायचं, पाव यायचे, चहा व्हायचा. दहाच्या सुमारास गौरवी मागच्या पडवीत मला मांडून बसायची. रोज एक नारळ, पाहुणे असले तर दोन. वाटण कधी बांगड्याच्या हुमणाला, म्हणजे कालवणाला, कधी सुंगटांच्या, म्हणजे कोळंबीच्या. माझ्या दातांना सवड नव्हती. कृष्णनाथ जेवताना म्हणायचे, "हुमणाक चव इली ती नव्या आदोळीमुळां." सून लाजायची. मी लाजले नाही. खरं तेच ते बोलत होते.

मग शिगमा संपला आणि त्यांच्या हातात फोन जास्त वेळ राहायला लागला.

फोनमध्ये एक गुरुजी होते. ते कुठले, कोण, ते शेवटपर्यंत कोणाला कळलं नाही. पण आवाज भारदस्त. "शिजवलेलं अन्न म्हणजे मेलेलं अन्न," ते सांगायचे. "अरण्यातल्या कुठल्या प्राण्याला मधुमेह झालेला तुम्ही पाहिलात?" कृष्णनाथांना सहा वर्षं मधुमेह. त्यांनी अरण्यातला कुठलाच प्राणी पाहिला नव्हता, त्यामुळे त्यांना ते पटलं.

संवसार पाडव्याच्या, म्हणजे गुढीपाडव्याच्या, सकाळी त्यांनी जाहीर केलं. "आजपासून चाळीस दिवस फक्त फळां. भात नाय, मासळी नाय. गोळयो बंद."

सुशीला नैवेद्याचं पान वाढत होती. ती न थांबता म्हणाली, "रानातल्या जनावरांक शुगर नाय, कारण ती दिवसभर धावतत. तुमी खुर्चेत बसान धावणाऱ्या जनावरांचे व्हिडिओ बघतास."

"तुका कळाचा नाय. ते पुराव्यानिशी सांगतत."

पुरावा हा कृष्णनाथांचा लाडका शब्द. पस्तीस वर्षं कागदांत काढलेला माणूस. कागदावर आहे ते आहे, नाही ते नाही. त्यांनी लगेच कागद घेतला, पट्टीने मधोमध रेघ मारली आणि दोन रकाने केले. 'फळे' आणि 'फळे नव्हेत'. पहिल्या रकान्यात आंबा, फणस, केळे, पपई, कलिंगड, अननस, चिकू, द्राक्षे. दुसऱ्यात तवशें म्हणजे काकडी, टोमॅटो, भोपळा. कागद फ्रिजवर चिकटवला.

"आनि नारळ?" सुशीलाने विचारलं.

त्यांनी पेन उचललं, परत ठेवलं. मग रेघेच्या बरोबर मधे लिहिलं: 'नारळ – विचाराधीन'.

मी पडवीतून ऐकत होते. मला वाटलं, चार दिवसांत निकाल लागेल. देवळात ज्याला श्रीफळ म्हणतात, लग्नात ज्याने ओटी भरतात, ते फळ नव्हे असं कोण म्हणेल? चार दिवसांनी निकाल लागला. नारळ फळ नव्हे. "त्यात तेल आसा," कृष्णनाथ म्हणाले. "देवाचा वेगळा आनि पोटाचा वेगळा."

एका वाक्यात माझा स्वभाव रद्द झाला.

नियम तेवढ्यावर थांबले नाहीत. घरात फोडणीचा वास येता कामा नये, मन चळतं. म्हणून देवेशच्या डब्याचं काय ते पहाटे सहाच्या आत उरकायचं. त्यातलंच उरलंसुरलं सासू-सून स्वयंपाकघरात उभ्याउभ्या खायच्या. फळ कापलं की पाच मिनिटांत त्यातलं सत्त्व उडून जातं, असं गुरुजी सांगत. म्हणून फळ समोर कापायचं. झालं. गौरवीने मला उचलून पुढच्या सोप्याजवळ नेलं. सोपा म्हणजे दारापुढची बसायची जागा. तिथे कृष्णनाथ खुर्चीत आणि आम्ही दोघी त्यांच्या पायांशी. सकाळी नऊ, दुपारी बारा, चार, सात. दिवसातून चार वेळा.

फळं कापणं हे काम नाही असं मी म्हणणार नाही. पण कसलं काम. पपई कापणं म्हणजे नुसतं 'हो' म्हणणं. पातं टेकलं की ती दोन होते, वाद नाही, आवाज नाही. केळ्याला तर माझी गरजच नव्हती, पण कृष्णनाथांना चकत्या लागायच्या. कलिंगड माझ्या पात्यावर मावायचं नाही, त्याला दोन्ही हातांनी धरून गौरवी घामाघूम व्हायची. अननसाने तिची बोटं सोलली. आंब्याच्या रसाने माझं पातं काळं पडलं. आणि फणस. माझं सगळं अंग फणसाचं, तरी त्याने माझी गय केली नाही. चीक असा बसला की खोबरेल चोळून, राखेने घासून, पुन्हा खोबरेल चोळून गौरवी कंटाळली. खोबरेलाची बाटली संपत आली, तरी नारळ विचाराधीनसुद्धा राहिला नव्हता.

माझ्या दातेरी फुलावर धूळ बसली. एका कोळ्याने जाळं धरलं. गौरवीने ते पाहिलं आणि पदराने पुसलं. रागावली की ती वस्तू जरा हळू ठेवते, जोरात नाही. त्या दिवशी तिने मला इतकं हळू ठेवलं की मला भीती वाटली.

खरं ऐकायचं तर मला फळांचा राग नव्हता. मला मतांचा राग होता. कारण एकदा गावात कळलं की हेडक्लार्क फक्त फळं खातात, तेव्हा गावाने मतं द्यायला सोप्यावर यायला सुरुवात केली. आणि मत देणाऱ्यापुढे बशी ठेवायलाच हवी. ती भरायची कोणी? आम्ही.

पहिले आले शेजारचे बाबाजी. त्यांच्या काजूच्या बागा आहेत आणि त्या दिवसांत हुराकाची, म्हणजे काजूच्या दारूची, भट्टी चालू असते. आल्या आल्या त्यांनी कागद वाचला. "बोंडू खंय आसा ह्यात?"

"काजूचा बोंडू फळ आसा," कृष्णनाथ म्हणाले आणि पहिल्या रकान्यात लिहूनही टाकलं.

"मगे बोंडवाचो रस फळाचो रस. हुराक म्हणजे तोच रस, जरा वेळ थांबलेलो." बाबाजींनी आंब्याची फोड तोंडात टाकली. "मी तुझ्या आदी वीस वर्षां फळाहार करतंय रे. कोणाक सांगाक नाय इतक्याच."

सिंधू भाड्याचं काही सांगायला आली आणि बशी हातात पडल्यावर टेकली. "आमच्याकडं फळं आजाऱ्याला न्हेत्यात बघा, दवाखान्यात. धडधाकट मानसाला पोटभर फळं खायला घालायची म्हंजे आधी त्याला आजारी तर पाडलं पायजे." हे बोलून झाल्यावर तिला वाटलं जास्त बोलले. मग तिने दोन चिकू जास्त खाल्ले, सलोखा म्हणून.

एक मास्तर आले, ते म्हणाले केळं थंड. दुसरे म्हणाले केळं गरम. डिचोलीहून गौरवीचे मामा आले, ते म्हणाले पूर्वीचे ऋषी कंदमुळं खायचे, तर कंद का वगळला? कृष्णनाथांनी कंद तिसऱ्या रकान्यात घालावा का यावर अर्धा तास विचार केला. प्रत्येकाचं मत वेगळं, बशी मात्र प्रत्येकाची रिकामी. आणि इतक्या मतांत एकानेही असं विचारलं नाही की गोळ्या बंद केल्यात, तर रक्त कधी तपासलंत. गोळ्या मेजाच्या खणात होत्या. खण उघडा असायचा.

सुशीलाने वेगळा मार्ग काढला होता. दुपारी ती "सिंधूकडे मीठ मागान येतंय" म्हणून जायची आणि तासाने परत यायची. घरात मीठ भरपूर होतं. परत आली की तिच्या हाताला सुक्या बांगड्याचा वास असायचा. एकदा तिने सुनेलाही डोळ्याने खुणावलं, चल. गौरवी माझ्यावर बसून अननस कापत होती. तिने मान हलवली. बारा वाजले होते. सत्त्व उडून जाईल.

आता मुंग्यांचं सांगते.

गोड कापणाऱ्या पात्याला मुंग्या लागणारच. रात्री धुऊन पडवीत ठेवलं तरी सकाळी दोन-चार मुंग्या माझ्यावर फिरायच्या. त्याची मला सवय झाली होती. पण पाडव्यानंतर पंचविसेक दिवसांनी एक सकाळ अशी आली की मुंग्यांची लांब रांग माझ्या जवळून गेली आणि वळली नाही. माझ्या पात्याच्या सांध्यात धुऊनही आंब्याचा रस उरला होता. तो सोडून त्या सरळ न्हाणीकडे चालल्या होत्या. न्हाणीच्या कोपऱ्यात, जिथे कृष्णनाथ लघवीला जात, तिथे त्यांचा काळा ठिपका जमला होता.

गौरवी मला घ्यायला वाकली आणि तशीच राहिली. तिने रांग पाहिली, ती कुठून येते ते पाहिलं, कुठे जाते ते पाहिलं. मग बालदीभर पाणी आणून कोपरा धुतला. दुसऱ्या दिवशी रांग परत. तिसऱ्या दिवशीही. त्याच सुमाराला कृष्णनाथांचा तांब्या दिवसातून सहा वेळा भरावा लागत होता. ते म्हणायचे, "शरीर साफ होता हा. पाणी मागता."

गौरवीला अर्थ कळला होता. तिच्या मुठीत माझ्या पाटाची कड इतकी घट्ट असायची की मलाही कळला. पण नव्या सुनेने सासऱ्याच्या लघवीचं नाव कुठल्या तोंडाने काढायचं? सासूपुढे काढायचं तर शब्द कुठला वापरायचा? आठवडा गेल्यावर तिने देवेशला सांगितलं, पडवीतच, मी तिथेच होते.

"बाबांची शुगर वाढल्या. तपासूक होयी."

"माका म्हायत आसा गो. दोनदा सांगलंय. म्हणतत, चाळीस दिवस होवंदेत, मगे बघूया." देवेश बूट घालत होता. "पाच-सात दिवस उरले. आता मोडला तर गावात तोंड दाखवचे नाय."

"पाच-सात दिवसांत काय होता ते तुका म्हायत आसा?"

त्याला माहीत नव्हतं. त्याची पाळीची बस आली. गौरवी त्या दिवशी माझ्यावर बसली आणि बराच वेळ काहीच कापलं नाही.

चौतिसावा दिवस रविवार होता. सकाळी कृष्णनाथ स्वतःच तांब्यातून पेल्यात पाणी ओतत होते. धार पेल्याच्या बाहेर पडली. त्यांना कळलं नाही. पेला उचलला, रिकामा पाहून परत ओतलं, पुन्हा बाहेर. गौरवीने फडक्याने पुसलं आणि पेला भरून त्यांच्या हातात दिला.

मग ती कोठीत गेली आणि दोन नारळ घेऊन आली.

सोललेले, ताजे. एकेक फोडून पाणी भांड्यात धरलं. मला मागच्या पडवीत मांडलं, फुलावरची धूळ ओल्या फडक्याने पुसली आणि बसली. चौतीस दिवसांनी माझ्या दातांना नारळ लागला. मला त्याचं वर्णन करता येणार नाही. तुम्ही चौतीस दिवस उपाशी राहिला असाल तरच कळेल, आणि घरातल्या दोन बायकांखेरीज ते कोणाला सांगावं.

सुशीला दारात येऊन उभी राहिली. "काय करतंस गो? आज वास इलो तर घर डोक्यार घेतीत."

"घेवंदेत, आई."

गौरवीने सुक्या मिरच्या भिजवल्या, धणे घेतले, मिरी घेतली. हळदीचा डबा उघडलाच नाही. सुशीलाने कांदा पुढे केला, तो तिने बाजूला ठेवला. लसूणही ठेवली. वाटण केलं, तिरफळं ठेचून टाकली, सोलां म्हणजे आमसुलं टाकली, कैरीच्या चार फोडी टाकल्या. मासळी नाही. दुसऱ्या चुलीवर उकडे तांदूळ शिजत ठेवले. वास घरभर गेला. तिरफळाचा वास असा असतो की त्याच्यापासून लपायला जागा नसते.

सोप्यावर बाबाजी आलेले होते. कृष्णनाथांनी नाक वर केलं, पण ते काही बोलायच्या आत गौरवीने ताट आणून त्यांच्यापुढच्या स्टुलावर ठेवलं. लाल हुमण, वाफेचा भात. देवेश दारात थबकला. मी तिथेच होते, कारण बारा वाजत आले होते आणि फणसाचे गरे निघायचे होते.

"ह्या काय?" कृष्णनाथ म्हणाले.

"फळां, बाबा."

"माझी चेष्टा करतंस?"

"नाय." तिचा आवाज बारीक होता. "नारळ फळ. मिरची फळ. तिरफळ तर नावातच फळ. सोलां म्हणजे भिरंडाची साल, ता फळ. धणे, मिरी, कैरी, सगळी फळां. हळद जमनीतला खोड, कांदो-लसूण कंद, म्हणान घालूक नाय."

बाबाजींना मजा वाटायला लागली. "आनि मीठ?"

"मीठ फळ नाय. पण कलिंगडार बाबा रोज घेतत."

बाबाजी मांडीवर थाप मारून हसले. पायंडा एकदा पडला की तो मोडत नाही, हे कृष्णनाथांनीच पस्तीस वर्षं लोकांना सांगितलं होतं. ते भाताकडे बोट दाखवून म्हणाले, "आनि शीत? ह्या पण फळ?"

"व्हय. भाताचो दाणो म्हणजे गवताचा फळ."

"खंय लिवलेला आसा?"

"माझ्या पुस्तकात."

"हाड बघूया."

ती आत गेली. पेटीत तळाशी ठेवलेलं पुस्तक घेऊन आली, पान उघडून त्यांच्या हातात दिलं. कॉलेजचं जाड पुस्तक, शेवटी मराठी शब्दांची यादी. "तृणफळ," ती म्हणाली. "तिसरी ओळ."

कृष्णनाथांनी चष्मा नाकावर खाली केला. पुस्तक लांब धरलं, जवळ आणलं, परत लांब. उठून खिडकीच्या उजेडात गेले, तिरकं धरलं. पान उलटून परत तेच केलं. शेवटी म्हणाले, "छपाई बरी नाय. अक्षरां पुसट आसत."

बाबाजींनी त्यांच्या खांद्यावरून मान पुढे काढली आणि सकाळपासून हुराक घेतलेल्या जिभेने एक शब्द न अडखळता वाचलं, "तृणफळ. भात, गहू, नाचणी यांसारख्या गवतांचे एकबीजी फळ." मग त्यांनी सहज विचारलं, चिडवायच्या सुरात, "हुराक पिवन माका दिसता, आनि फळां खावन तुका दिसना?"

हे चिडवणं होतं आणि कोणी हसलं नाही. बाबाजीही नाही. बोलून झाल्यावर त्यांना कळलं ते काय बोलले.

कृष्णनाथ पुस्तक धरून उभे होते. बारीक टाइपाचे कागद आयुष्यभर वाचलेला माणूस. त्यांच्या अंगठ्याखाली ओळ होती आणि ती त्यांना दिसत नव्हती.

"बाबा, उद्यां सकाळी शुगर बघूया," गौरवी म्हणाली.

"वाढल्या म्हणान तुका कोणी सांगला?"

गौरवीने खाली पाहिलं, माझ्याकडे. "मुंग्यांनी."

सुशीलाने तोंडावर पदर घेतला. देवेश भिंतीकडे बघू लागला. कृष्णनाथ खुर्चीत बसले. पुस्तक मांडीवर ठेवून त्यांनी विचारलं, "कधीपासून?"

"नऊ-धा दिवस झाले."

"मगे नऊ-धा दिवस तू काय करी होतंस?"

"फळां कापी होतंय, बाबा," ती म्हणाली.

कृष्णनाथांनी पुस्तक मिटून बाजूला ठेवलं आणि ताट पुढे ओढलं. भाताचे चार घास खाल्ले, हळूहळू, बाजूला न बघता.

दुसऱ्या दिवशी सरकारी दवाखान्यात रक्त तपासलं. साखर चारशेच्या वर. डॉक्टरबाई रागावल्या नाहीत, त्याचंच कृष्णनाथांना जास्त लागलं. त्या एवढंच म्हणाल्या की फळं वाईट नाहीत, पण गोळ्या बंद करून दिवसभर आंबे-फणस-केळी म्हणजे साखरेचा डबा उघडून बसण्यासारखं. नजर बहुतेक परत येईल, आठवडे लागतील. अजून महिना गेला असता तर एवढी खात्रीही त्यांनी दिली नसती.

आता माझी आजची स्थिती.

तुम्हाला वाटेल सगळं जागेवर आलं. आलं नाही. डॉक्टरांनी भात एक डाव सांगितलाय आणि नारळ बेताने. म्हणजे मला दिवसाआड अर्धा नारळ. चौतीस दिवसांच्या उपासानंतर ही माझी पंगत. फणसाचा चीक पाटाच्या भेगेत बसलाय तो अजून निघाला नाही आणि त्यावर पडवीतली माती चिकटलीय. पात्याला धार लावायला लोहाराकडे न्यायचं ठरलंय, ठरून पंधरा दिवस झाले.

कृष्णनाथांना अजून वर्तमानपत्र वाचता येत नाही. सकाळी गौरवी वाचून दाखवते, मोठ्याने, कारण ते मधेमधे 'काय म्हणालंस?' विचारतात. दोन वाक्यं बोलून थांबणारी पोर आता गोव्यातल्या सगळ्या बातम्या रोज सकाळी वाचते, अग्रलेखासकट. तिचा आवाज आता मागच्या पडवीपर्यंत येतो.

आणि कृष्णनाथ? कोणी विचारलं की ते सांगतात, "मी अजून फळाहारच करतंय. भात म्हणजे तृणफळ. शास्त्र आसा, पुस्तकात आसा." फ्रिजवरच्या कागदात पहिल्या रकान्यात देवेशकडून भात लिहून घेतलाय. नारळही. शोध कोणाचा, ते सांगत नाहीत. आलेले लोक मान हलवतात, आपलं मत देतात, बशी रिकामी करून जातात. गौरवी ऐकते आणि मला जरा हळू ठेवते.

मागच्या आठवड्यात तिने गोळी त्यांच्या तळहातावर ठेवली. त्यांनी ती चाचपडून पाहिली. "आनि ही खंयच्या झाडाक लागता?"

"ही हट्टाच्या झाडाक लागता," गौरवी म्हणाली.

सुशीला आत जिथे होती तिथे थांबली. कृष्णनाथांनी गोळी तोंडात टाकली, पाणी प्यायले आणि म्हणाले, "कडू आसा." एवढंच. पण घेतली. त्यानंतर गोळीसाठी रोज सकाळी तेच हाक मारतात, "गौरवी, फळ हाड गो."

आमच्याकडे काही मागायचं असलं की देवापुढे उभं राहून गाऱ्हाणं घालतात. माझ्यापुढे देव नाही, तुम्ही आहात, म्हणून तुम्हालाच घालते. तुम्ही भात खा, फळं खा, कंदमुळं खा, वाटलं तर वारा खा. मतं ठेवा, ती सोप्यावर बसून द्या, मला त्याचं काही नाही. पण मत एकाचं आणि पातं दुसऱ्याच्या गुडघ्याखाली, असं करू नका. ज्याला उद्यापासून आहार बदलायचाय, त्याने आधी एक दिवस स्वतः माझ्यावर बसून फणस कापावा. निम्मी मतं चिकालाच चिकटून राहतील, बघा.

आणि फणस मोठा निवडा.